भेग की हवा

पाषाण रोडवरच्या लॅबमध्ये, जिन्याच्या पोकळीत,
दोन मजले उभी ॲक्रिलिकची नळी.
तळाशी फिशटँकमधले हवेचे दगड, बुधवार पेठेतून आणलेले,
चौदा रुपयांना एक. पावती अजून माझ्या वहीत आहे.
कॉम्प्रेसर चालू केला की बुडबुडे उठतात,
मोहरीएवढे,
आणि इनामदार मॅडम वरून ओरडतात, "मार!"

मी खालच्या पत्र्यावर हातोडी मारते.

पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर धावतो,
हवेत त्याच्या पाव हिश्शाने.
पाण्यात चिमूटभर हवा मिसळली तर?
पहिल्या दिवशी मी म्हटलं, मधलं काहीतरी.
मॅडम हसल्या नाहीत. पडद्याकडे बोट केलं:
सेकंदाला जेमतेम शंभर मीटर.
दोघांपेक्षाही हळू.
वजन पाण्याचं, मऊपणा हवेचा,
अशी सोयरीक जमली की निरोप रखडतो.

आबा घोरपडी यार्डात चाकं ठोकायचे.
रात्रपाळी, टॉर्च, लांब दांड्याचा हातोडा.
ठण्. पुढे. ठण्. पुढे.
आणि एखादं बद्द.
भेग दिसायच्या आधी ऐकू येते, ते म्हणायचे,
धड चाक विचारलं तेवढंच सांगतं,
फुटकं न विचारलेलंही.

आमच्याकडे हेच यंत्र लावून करतात.
सळईत एक सूर सोडायचा.
पलीकडे तोच निघाला तर सळई शाबूत.
सोबत दुप्पट चढा सूर आला
तर आत कुठेतरी दोन कडा
एकमेकींवर आपटतायत.
आबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले,
"मग यात नवीन काय?"

बत्तीस वर्षं लोखंड ऐकून डावा कान गेला,
म्हणून घरातलं त्यांचं बोलणंही यार्डाच्या मापाचं.
आई हळू बोलायची.

परवा आम्ही नळीत दोन लाटा सोडल्या.
आधी लहान, पाठोपाठ मोठी.
शाळेत शिकले होते,
कुजबुज आणि आरोळी एकाच वेगाने पोचतात.
नुसत्या हवेत पोचतही असतील.
या नळीत जी उंच, ती वेगवान.
मोठी मागून आली, लहानीला गाठलं,
पडद्यावर क्षणभर एकच बेढब टेकाड.
मला वाटलं, गिळली.
मग टेकाडाला खांदा फुटला
आणि मागच्या बाजूने ती निघाली,
तीच उंची, तीच रुंदी,
जरा मागे सरकलेली.
"जरा म्हणजे किती?"
मॅडमनी पडद्यालाच पट्टी लावली. "बोटभर."

हॉस्टेलला निघाले त्या सकाळी
रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती.
आबा ओरडले, "ट्रंकेची किल्ली सांभाळ!"
त्याच्या आधी आई काहीतरी म्हणाली होती.
मी दोघांना मिळून एकदाच हो म्हटलं.
एकोणीस वर्षं झाली त्याला. आई जाऊन सात.
किल्ली अजून आहे, ट्रंक नाही.
आणि ते दुसरं,
मागे पडलं असेल, पण बोटभरच ना?
पट्टीने मोजण्याइतकंच ना?

काल आबांना कॉफी केली.
उकळत्या पाण्यात पूड टाकली, ढवळली,
आणि सवयीने मगाच्या बुडाला चमचा मारला.
बद्द.

आबांनी उजवा कान पुढे केला.
आता म्हणणार, तडा गेलाय, टाकून दे.
त्यांनी मग ओढून घेतला, चमचाही.
ठोकला. थांबले. ठोकला.
आवाज चढत गेला, एकेक पायरी,
वरचा फेस बारीक होत गेला तसा,
थेट ठण् लागेपर्यंत.

"भेग नाही," ते म्हणाले,
इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं,
"हवा होती आत."

आणि थंड झालेली कॉफी
तशीच प्यायले.